कुलपावर माझंच नाव होतं

भुतांच्या गोष्टी मी पूर्वी वाचत नव्हते. या पेजवर तर कधीच आले नव्हते. आता रोज येते... माझ्यासारखं आणखी कुणाला झालंय का, ते शोधत.

विश्वास ठेवा म्हणून शपथ घालत नाही. उरणकडे जाणाऱ्या कंटेनर रोडवर तो पंप आजही चालू आहे. आकाश आहे. सयाजी साहेबही आहेत. दोघं रोज माझ्यासोबत काम करतात, पण त्या दिवसांचा विषय निघाला की उठून जातात.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता तो. दिवेलागणीची वेळ. रात्र नाही, सामसूम नाही. रस्त्यावर कंटेनरची रांग होती, हॉर्न वाजत होते.

आणि तरीही ते झालं.

माझं नाव भाविका. माहेर नावड्याचं, सासर खांदेश्वरचं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. पंपावर ज्या मशीनमधून तुमच्या गाडीत पेट्रोल जातं, तिला आम्ही डिस्पेन्सर म्हणतो. त्याच्या आतले बोर्ड, स्विच, वायरिंग बसवणं हे माझं काम.

मनू, म्हणजे माझी मनस्वी, तेव्हा सात महिन्यांची होती. बाळंतपणाची रजा संपून मी नुकतीच कामावर आले होते.

पुढचं कळावं म्हणून कामातल्या दोन गोष्टी आधी सांगते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, खाली बसते. डिस्पेन्सरच्या खाली सिमेंटचा एक खड्डा असतो, पाइप आणि केबल त्यातूनच वर येतात. आम्ही त्याला पिट म्हणतो. वाफ तिथे साचते. म्हणून तिथल्या वायरी एका जाड लोखंडी पेटीत बंद करायच्या आणि पेटीच्या झाकणाचे सगळे बोल्ट आवळायचे. सगळे म्हणजे सगळे. एक जरी राहिला तरी आतली ठिणगी फटीतून बाहेर येऊ शकते.

दुसरी गोष्ट कुलपाची.

काम सुरू करायच्या आधी पॅनेलच्या खोलीत जाऊन त्या मशीनची लाइन बंद करायची आणि त्या स्विचवर आपलं कुलूप लावायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं. लाल रंगाचं, त्यावर आपलं नाव, आपला फोटो. किल्ली आपल्याच खिशात. काम संपलं की ज्याचं त्याने काढायचं.

दुसऱ्याचं कुलूप काढायचं नाही. कारण कुलूप लागलंय म्हणजे आत माणूस आहे.

आमचे सुपरवायझर सयाजी साहेब, त्यांनी मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. "कुलूप म्हंजे माणूस, ध्यानात ठेव. कुलूप तोडलं म्हंजे माणूस तोडला."

माझ्या कुलपावर फोटोच्या शेजारी मनूच्या वहीतलं... वही कसली तिची, मीच आणून ठेवलेलं अस्वलाचं एक छोटं स्टिकर होतं.

तर त्या गुरुवारी एका डिस्पेन्सरचा जळालेला बोर्ड बदलायचा होता. मी आणि आकाश. आकाश पाइपाचं आणि नोझलचं बघतो. दोघांनी आपापली कुलपं लावली. लाइन बंद झाल्याची खात्री केली. मशीनभोवती दोऱ्या बांधल्या. मोबाइल पंपावर चालत नाहीत, ते सेल्स रूममध्ये ठेवले.

"मॅडम, आज फटाफट हां," आकाश म्हणाला. "तुझ्या सासूच्या उपासाची खीर खाल्ल्याशिवाय मी काय घरी जात नाय."

"खीर मिळेल. आधी तो गॅस्केट नीट बसव."

"बगा! प्रसाद मागितला तर काम सांगते."

काम छान झालं. बोर्ड बसला. वायरी जोडल्या. पेटीचं झाकण लावून मी बोल्ट आवळायला घेतले.

माझी एक सवय आहे. बोल्ट आवळला की पान्याने झाकणावर दोनदा वाजवते. टक टक. मग पांढऱ्या मार्करने बोल्टवर रेघ ओढते, म्हणजे हा झाला.

शेवटचे चार बोल्ट राहिले होते. मी ते सुती फडक्यावर ओळीने ठेवले होते.

आणि माझी छाती दगडासारखी झाली.

ज्या आया कामावर जातात त्यांना हे सांगावं लागणार नाही. दूध भरून येतं तेव्हा ते थांबत नाही. शर्ट ओला व्हायला लागला. मी दुपारचं दूध काढलंच नव्हतं.

"आकाश, मी आलेच," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मी उचललेल्या, दूध ठेवायच्या बर्फाच्या पिशवीकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली. "हा हा, जा ना. जा."

सेल्स रूमच्या मागे ऑइलचे डबे ठेवायची एक खोली आहे. आतून कडी लावली. एका खोक्यावर बसून हातपंपाने दूध काढायला लागले. डोळे मिटले. मनूचा चेहरा आठवला की दूध लवकर उतरतं.

बाहेरून आवाज आला...

कर्र... कर्र...

टक टक.

मला हसू आलं. आकाश माझी नक्कल करतोय.

कर्र... कर्र...

टक टक.

असं चार वेळा झालं. मग आवाज थांबला.

बाटली भरली, झाकण लावलं, बाहेर आले.

डिस्पेन्सरचा डिस्प्ले चालू होता. शून्य शून्य शून्य. हिरवे आकडे.

सयाजी साहेब समोरून येत होते. त्यांच्या हातात माझं कुलूप होतं.

"घे. झाली मशीन चालू. वरून फोनवर फोन यायला लागलेत."

"साहेब, माझं कुलूप कोणी काढलं?"

"मीच की. मास्टर किल्लीनं."

"मला न विचारता? मी आत असते तर?"

त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीकडे बघितलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. "अगं, तू तिकडं... आता आम्ही बापय माणसं. दारात येऊन हाक कशी मारायची?"

आकाशचे कान लाल झाले होते. "मी पन बोललो साहेबांना, थांबूया. पन बोल्ट तर तू लावूनच गेली होतीस ना. मी वाकून बघितलं. सगळे टाइट."

"मी चार बोल्ट ठेवून गेले होते."

"मस्करी नको ना यार."

"ते तू आवळलेस ना? टक टक करून?"

"मी?" तो म्हणाला. "मी तर साहेबांबरोबर पॅनेलला होतो."

मी गुडघ्यावर बसून बॅटरीने पिटमध्ये पाहिलं.

फडकं रिकामं होतं.

सगळे बोल्ट जागेवर होते. शेवटच्या चारांवरही पांढरी रेघ होती... जराशी उजवीकडे झुकलेली. मी ओढते तशीच.

मार्कर माझ्या खिशात होता. खोलीतही माझ्याबरोबरच होता.

घरी मनू होती, उशीर झाला होता. कुलूप बॅगेत टाकलं आणि निघाले.

पंपाच्या बाहेर गोजराआजींची चहाची टपरी आहे. तिथल्याच गावच्या. पंप झाला ती जमीन आधी मिठागराची, त्यांची जवानी तिथेच मीठ ओढण्यात गेली. मला बघून त्या नेहमी हसायच्या. माहेरची बोली ऐकायला मिळायची म्हणून मीही थांबायचे.

त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. माझ्या मागे बघत होत्या.

"निंगालीस?"

"हो आजी. उशीर झाला आज."

"आन ती दुसरी?"

"कोण दुसरी?"

"तुज्यासारकीच. निल्ला शर्ट. मशीनीखाली बसलेली हाय, ती."

"आजी, ती मीच होते."

"तू ना गो. तू तं त्या खोलीन गेली व्हतीस. मी बगतंय ना हितशी." त्या पुन्हा पंपाकडे बघायला लागल्या. "ती उठलीच नाय अजून."

मी वळून पाहिलं. डिस्पेन्सरजवळ कुणी नव्हतं. एक मोटरसायकलवाला पेट्रोल भरत होता.

घरी पोचले तेव्हा सासूबाईंची पूजा झाली होती. घरात खिरीचा वास होता. दार त्यांनीच उघडलं, कडेवर मनू.

मी आले की मनू काय करायची सांगू? दोन्ही हात पुढे टाकून उडीच मारायची. सासूबाईंना सावरता यायचं नाही. माझ्या मानेत तोंड खुपसून हुंगत राहायची. तेव्हा कुठे माझा दिवस संपायचा.

त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं.

मग माझ्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे पाहिलं.

पाहतच राहिली... कुणीतरी अजून वर येणार आहे, असं.

कुणी आलं नाही, तेव्हा ती रडायला लागली.

मी घेतलं तर अंग ताठ केलं. पाजायला घेतलं तर तोंड फिरवलं. ओठ घट्ट मिटून घेतले. सासूबाईंनी माझंच काढलेलं दूध बाटलीतून दिलं, ते घटाघट प्यायली.

माझंच दूध. पण माझ्याकडून नाही.

"दमलीय गं पोर," सासूबाई म्हणाल्या. "उद्या घेईल."

उद्याही घेतलं नाही. परवाही नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं. कान, घसा, पोट, सगळं ठीक. दात येत असतील म्हणाले. सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवली. दिपेशने, माझ्या नवऱ्याने, शिफ्ट बदलून घेतली, मला समजावत बसला. "मुलं करतात असं. टेन्शन घेऊ नकोस." पण तो ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघायचा, त्यात काहीतरी बदललं होतं. जवळ यायचा आणि मध्येच थांबायचा.

मी रजा टाकली. दिवसभर मनूच्या समोर बसून राहायचे. गाणी म्हणायचे. तिचा आवडता हिरवा खुळखुळा वाजवायचे. ती खुळखुळ्याकडे बघायची, माझ्या हाताकडे बघायची, माझ्याकडे नाही.

एका दुपारी मी तिच्यासमोर अक्षरशः हात जोडले. "मनू, मी आई आहे गं. बघ ना माझ्याकडे. बाळा, बघ ना."

तिने दाराकडे मान वळवली.

मी फरशीवर कपाळ टेकून रडले. आवाज दाबून, कारण आवाजाने ती घाबरायची. माझ्या आवाजाने.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाविका, एक विचारू? रागावू नको."

"विचारा ना आई."

"तू कामावरून आलीस की तुझ्या अंगाला पेट्रोलचा वास यायचा. कितीपन धू, मानेला, केसांना राहायचाच. वर त्यात दुधाचा वास. पोर त्याच वासाला लागलेली."

"मग?"

त्यांनी माझा हात नाकाशी नेला. सोडून दिला.

"त्या गुरुवारपासून तुला कसलाच वास नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे घामाचापन नाही. साबणाचापन नाही." त्यांचे डोळे भरले होते. "कसलाच नाही गं."

मी स्वतःचा तळहात हुंगला. मनगट हुंगलं. दुधाने ओला झालेला पदर हुंगला...

काहीच नाही. काच हुंगावी तसं.

त्याच वेळी फोन वाजला. आकाश होता.

"भाविका, तू पंपावर येऊन गेलीस काय?"

"नाही. मी रजेवर आहे, तुला माहितेय."

"मग त्या मशीनला कुलूप कशाला लावलंस?"

"कुठलं कुलूप?"

"तुझं! सकाळपासून मशीन बंद पडली म्हणून साहेबांनी मला पाठवलं. पॅनेल उघडलं तर स्विचवर तुझं कुलूप. फोटो, नाव, ते अस्वल, सगळं."

मी उठून बॅग उघडली. कुलूप तिथेच होतं. हातात घेतलं.

"आकाश... माझं कुलूप माझ्या हातात आहे."

मागून पंपाचे आवाज येत होते.

"मग हे कोनाचं हाय?" तो हळूच म्हणाला.

मनूला सासूबाईंकडे दिलं, रिक्षा केली आणि निघाले. खरं सांगते, भीती वाटत नव्हती. कुलूप कुणाचं हे कळलं तर माझी पोर मला परत मिळेल, एवढंच डोक्यात होतं. असं का वाटत होतं, विचारू नका. बुडणाऱ्याला जे हाताला लागेल ते धरावंसं वाटतं.

पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. पॅनेलच्या खोलीत आकाश आणि सयाजी साहेब उभे होते.

मी माझं कुलूप त्या कुलपाशेजारी धरलं.

तेच नाव, माझ्या अक्षरात. तोच फोटो. अस्वलाच्या कानाचा कोपरा माझ्या नखाने निघाला होता, त्याचाही निघाला होता.

माझी किल्ली लावली. आत गेली, फिरली नाही. साहेबांची मास्टर किल्लीही फिरली नाही.

"काप ते," सयाजी साहेब म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आकाश, कटर घे. काप, विषय संपव."

आकाशने कटर उचलला. पाती कुलपावर टेकवली.

आणि मला छातीत असं काही झालं... श्वासच घेता येईना. कुणीतरी माझ्याच गळ्यावर पाती टेकवल्यासारखं. मी दोन्ही हातांनी कटर धरला.

"नको! साहेब, नको. कुलूप लागलंय म्हणजे आत माणूस आहे."

"कुठाय माणूस? दाव मला!"

"बघूया तरी. एकदा बघूया. पाया पडते तुमच्या."

आम्ही मशीनजवळ गेलो. पंपावरचा सेल्समन तिथे यायला तयार नव्हता. खालून सकाळपासून पान्याचा आवाज येतो म्हणाला.

आकाशने वाफ मोजायचा गॅस मीटर खाली सोडून बघितला, मग मशीनचं खालचं दार उघडलं.

पिटमध्ये कुणी नव्हतं. पेटी, पाइप, केबल. बस.

पण तिथे वास होता.

पेट्रोलचा वास तर होताच. त्याच्या आड बेबी पावडर. केसांचं खोबरेल. आणि आंबूस, कोमट... आईच्या दुधाचा.

तो माझा वास होता.

मी तिथेच बसले.

"मी तं तवाच बोलली व्हती," मागून आवाज आला. गोजराआजी येऊन उभ्या होत्या. "दुसरी राह्यली म्हनून. कोन आयकतंय?"

"आजी, काय आहे हे?" मी रडत विचारलं.

"मला काय म्हाईत गो पोरी. पन आमच्या मिठाच्या आगरान एक रीत व्हती. भरतीचं पानी वर चराचं, सगल्यांना बांधावरशी निंगाचं असं. तवा एकेकीचं नाव घेवून हाक माराची. जिची तिनी 'ओ' दिली का मंग निंगाचं. हाक मारल्याबिगर कोनाला सोरून याचं नाय."

"आणि सोडून आलं तर?"

"तं ती घरा याची. सगल्यांसारकीच याची. पन पुरी नाय याची." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला हाक मारली व्हती यांनी?"

सयाजी साहेब खाली बघत होते. आकाश रडवेला झाला होता.

"लाजले," आजी म्हणाल्या. "दोन बापय, आन एका आयला हाक माराला लाजले. मारा आता."

"आता?" साहेब म्हणाले.

"मंग कदी? ज्यांनी सोरली त्यांनीच माराची. मारा!"

वीस वर्षं या धंद्यात असलेला तो माणूस. त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना. ओठ हलले. मग आकाशच वाकला, पिटच्या तोंडाशी गेला आणि फुटक्या आवाजात ओरडला.

"भाविकाऽऽ!"

मी "ओ" म्हणायला तोंड उघडलं. म्हटलंही.

पण माझ्याबरोबर...

खालून...

"ओ."

माझाच आवाज होता. जरा घाईतला. हातात काम असताना कुणी हाक मारली की मी देते तसा.

आकाश मागे पडला. साहेबांनी डोळे मिटून दोन्ही हात जोडले.

खालून आवाज पुन्हा आला. "झालंच. चार बोल्ट राहिलेत. मग दूध काढायचंय... मनू उठली असेल हो."

मला सांगता येणार नाही मला काय वाटलं. भीती नव्हती ती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोरीची काळजी माझ्याइतकीच करणारं कुणीतरी बोलत होतं. किती थकलेली होती ती.

मी पिटवर वाकले. "झाले बोल्ट," मी म्हटलं. "सगळे झाले. तूच आवळलेस. आता चल. मनू वाट बघतेय तुझी."

शांत.

मग सिमेंटवर लोखंडी पाना ठेवल्याचा आवाज आला. हळूच, काम संपल्यावर ठेवतात तसा.

आणि पॅनेलच्या खोलीतून... खट्.

आकाश धावत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. स्विचवर काही नव्हतं. कुलूप खाली पडलं नव्हतं, कुठेच नव्हतं. माझ्या मुठीत मात्र माझं कुलूप होतं. तळहाताला त्याच्या कडा रुतल्या होत्या.

मी घरी कशी आले आठवत नाही. दार उघडलं आणि मनूने मला बघितलं...

मला. माझ्या डोळ्यांत.

आणि तिने उडी मारली.

दोन्ही हात टाकून. हसत. तोंड माझ्या मानेत. हुंगली, हुंगली, आणि पदर ओढायला लागली. मी दारातच बसले, चपलाही काढल्या नाहीत, तिथेच पाजलं. तिच्या घशाचा तो घुट घुट आवाज ऐकत राहिले. सासूबाई देवापुढे जाऊन रडत होत्या. जाता जाता त्यांनी माझ्या डोक्यावर नाक टेकवलं होतं.

"आला," एवढंच म्हणाल्या. "आला गं वास."

गोष्ट इथे संपायला हवी होती. मी घरच्यांना इथपर्यंतच सांगितलीय.

पुढचं फक्त इथे लिहितेय. मनू झोपली की थोडं थोडं.

हाकेला दोन "ओ" आले होते. त्या दोघींची एक झाली, असं मी धरून चालले होते.

तीन-चार आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दुपारी मी मनूला पाळण्यात ठेवून अंघोळीला गेले. ती भुकेली होती, किरकिरत होती. बाहेर आले तर शांत. मला वाटलं झोपली. जवळ गेले.

ती जागी होती. पोट टम्म. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब. उचलून खांद्याला लावली तर मोठी ढेकर दिली.

सासूबाई बाजारात गेल्या होत्या. दिपेश कामावर. फ्रीजमधल्या बाटल्या भरलेल्या होत्या, तशाच. आणि माझी छाती दगडासारखी होती.

आता ते वरचेवर होतं. मी अंघोळीला, स्वयंपाकघरात, कपडे वाळत घालायला गेले की. मी परत येईपर्यंत ती प्यायलेली असते. मी घेतलं तर हसते, मिठी मारते, प्रेमाने बघते. पण पीत नाही. भूकच नसते तिला.

एकदा मी मुद्दाम दाराआड उभी राहिले. पाळण्यातून आवाज येत होता... घुट, घुट, घुट. मनूचा एक हात वर होता, कुणाच्या तरी गळ्यातलं मंगळसूत्र धरावं तसा. पाळण्यावर कुणी नव्हतं.

मी आत धावले असते. ओरडले असते. पण मनूचा चेहरा दिसला. डोळे मिटत आले होते, कपाळावर एक आठी नव्हती.

मी हळूच मागे झाले. दार ओढून घेतलं.

मी काय करू, तुम्ही सांगा. मांत्रिक आणू? कुणाला हाकलू? तीही आईच आहे. माझ्यासाठीच खाली बसून काम पुरं करत राहिली होती ती. आणि तिला घरी मीच बोलावलं. आणि खरं सांगायचं तर... त्या पिटमध्ये राहिली ती कोण आणि घरी आली ती कोण, हे मला अजूनही माहीत नाही.

मागच्या आठवड्यात मनूच्या लसीच्या डोसासाठी गेलो होतो. डॉक्टरांनी मनूला काट्यावर ठेवलं आणि खूश झाले. "वजन मस्त वाढतंय. दूध चांगलं आहे तुमचं, चालू ठेवा."

मी मान हलवली.

रोज हातपंप घेऊन बसते. आधी बाटली भरायची, मग अर्धी व्हायला लागली. काल तळ जेमतेम ओला झाला.

माझं दूध आटत चाललंय.

मनूचं वजन वाढतंय.